दिवसा ओलीत, रात्री उजेड

रब्बीत यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच निघावे लागते, कारण तीन फेज वीज रात्रीच्या पाळीला असते. हातात काठी आणि बॅटरी. पलीकडे टिपेश्वर अभयारण्याचे जंगल. अभयारण्याची हद्द वाघाला ठाऊक नसते, रानडुकरे आणि साप तर बांधावरच असतात. रात्रभर जागायला नको म्हणून अनेकांनी मोटारीला ऑटोस्विच लावले. मग वीज येताच डीपीवरच्या (रोहित्रावरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, फ्यूज उडतात, कधी डीपीच जळते आणि ऐन घाट्यांच्या वेळी हरभरा सुकतो.

हे दुखणे सूर्याने दूर होण्याजोगे आहे. ओलीत दिवसाचेच काम. त्यासाठी वीज साठवायची गरज नाही. 2023 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्या दिवसा चालवते. ही वीज युनिटला 3 रुपयांच्या आसपास पडते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मार्च 2029 पर्यंत मोफत वीज जाहीर झाली आहे. पण फुकट असे काहीच नसते. शेतीच्या विजेचा भार सरकारी तिजोरीवर आणि उद्योगांच्या चढ्या दरावर पडतो, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी, पांढरकवड्याच्या जिनिंगच्या बिलातही येतो. वीज स्वस्त झाली तरच हा भार हलका होईल.

दिवेलागणीनंतर मात्र गणित उलटते. घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात तेव्हा सौरपट्ट्या निजलेल्या असतात. श्रावणात दिवसाही ढग. विदर्भात सातारा-सांगलीसारखा वारा नाही. अशा वेळी वणीचा कोळसा आणि चंद्रपूरचे 2920 मेगावॉटचे केंद्रच कामी येते. कोळसा उद्याच सोडा म्हणणाऱ्यांनी एप्रिल 2022 चे भारनियमन आठवावे. ऐन उन्हाळ्यात कोळसा कमी पडला आणि राज्यभर लोक घामाघूम झाले.

म्हणून नवे औष्णिक संच उभारत सुटावे, असेही नाही. कोळशाचा संच 55 टक्क्यांखाली सहजासहजी उतरवता येत नाही. दुपारी सौर वीज भरपूर असताना तो चालूच ठेवावा लागतो आणि दोन्हींचे पैसे ग्राहक भरतो. पुढचा पैसा साठवणुकीत जायला हवा. घाटघरला पाणी वर चढवून वीज साठवणारा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहेच. तसे आणखी हवेत आणि ग्रामीण उपकेंद्रांवर संध्याकाळचे चार तास भागवणाऱ्या बॅटऱ्या हव्यात. वणीच्या खाणींची धूळ पिकांवर आणि छातीत घेणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याचा त्या बॅटऱ्यांवर पहिला हक्क आहे.

तालुक्यातली कोणती वाहिनी दिवसा कधीपासून चालणार, याची तारीख महावितरणने उपकेंद्रनिहाय जाहीर करावी. जंगलालगतच्या वाहिन्या त्या यादीत सर्वांत वर असाव्यात, आणि पुढच्या हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याआधी त्यांचे काम संपावे.