शर्यतीचे रस्ते आणि ग्रामसभेचा अधिकार

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ या तारखांना, पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत पार पडली. एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर होते. दुसऱ्या टप्प्यात देशोदेशींचे सायकलपटू पुरंदर, भोर, वेल्हे व हवेली या तालुक्यांतून गेले. वेल्हे तालुक्याला शासनाने राजगड हे नाव दिले असले तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. आयोजनाचा मोठा भार जिल्हा प्रशासनाने उचलला. शर्यतीच्या मार्गावरील रस्ते दुरुस्त झाले, खड्डे बुजले, डांबर पडले आणि हे सर्व ठरल्या तारखेच्या आत झाले.

खेळाला आमचा विरोध नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. सायकल हे तर कष्टकऱ्याचे वाहन. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. भोरच्या मुलामुलींनी जगातले उत्तम सायकलपटू आपल्या गावच्या रस्त्यावर पाहावेत, यात आनंदच आहे. प्रश्न आहे तो सार्वजनिक पैशाच्या अग्रक्रमाचा आणि तो अग्रक्रम कोणी ठरवायचा याचा.

या दोन तालुक्यांनी जिल्ह्याला काय दिले, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. भोर संस्थानच्या काळात बांधलेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूरच्या उसाला गेले. वेल्ह्यातील पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. धरणांखाली ज्यांच्या जमिनी गेल्या ते उठले, पांगले; मागे राहिलेल्यांची तरुण पिढी पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट धरते. ज्या डोंगराने शहराची तहान भागवली, त्याच डोंगरातील धनगरवस्तीवरून आजारी माणसाला पावसाळ्यात झोळीत घालून खाली आणावे लागते. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट तर दरडींच्या भीतीने पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो.

येथे रस्त्यांची वर्गवारी समजून घेतली पाहिजे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. शर्यतीला रुंद, सलग, एका गावातून दुसऱ्या गावी जाणारा रस्ता लागतो. वाडीवर जाऊन संपणारा रस्ता अशा मार्गात कधीच बसणार नाही. म्हणजे शर्यत हाच विकासाचा निकष मानला, तर ज्याला रस्त्याची गरज सर्वांत अधिक तोच कायम वगळला जाणार. 'निधी नाही', 'यंत्रणा अपुरी आहे' ही उत्तरे कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली आहेत. शर्यतीने एक गोष्ट मात्र निर्विवाद सिद्ध केली: मनात आणले तर हीच यंत्रणा तारीख ठरवून काम पुरे करू शकते.

याहून गंभीर बाब लोकशाहीची आहे. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. नवी निवडणूक झाली ती शर्यत आटोपल्यावर, फेब्रुवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे एवढ्या मोठ्या उपक्रमाची आखणी झाली तेव्हा भोर-वेल्ह्याच्या वतीने प्रश्न विचारायला जिल्हा परिषदेत वा पंचायत समितीत एकही लोकनियुक्त सदस्य नव्हता. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा आणि १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यांचा आशय हाच की गावच्या गरजांचा क्रम गावाने लावावा. तो आशयच येथे बाजूला पडला.

इतर देशांचा अनुभव बोलका आहे. १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद डेन्व्हर शहराला मिळाले होते. परंतु १९७२ साली कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी त्यासाठी सार्वजनिक पैसा देण्यास नकार दिला आणि स्पर्धा इन्सब्रुकला गेल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळी स्पर्धा माँट्रियलने भरवल्या आणि त्यांचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. एके ठिकाणी लोकांना आधी विचारले, दुसऱ्या ठिकाणी लोकांनी नंतर फेडले. आपल्याकडे २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. अशा आयोजनांचा मोह यापुढे जिल्ह्याजिल्ह्यांना पडणार, म्हणून नियम आताच ठरले पाहिजेत.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, शर्यतीसाठी झालेल्या खर्चाचा तालुकावार, रस्तेवार तपशील ग्रामसभांपुढे ठेवावा. दुसरी, दुरुस्त झालेल्या प्रत्येक रस्त्याच्या पुढील देखभालीची जबाबदारी आणि मुदत जाहीर करावी. एका पावसाळ्यात डांबर वाहून गेले तर ठेकेदाराला जाब विचारता आला पाहिजे. तिसरी, यापुढे अशा आयोजनाला स्थानिक निधी देण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेची संमती घ्यावी आणि मुख्य रस्त्याबरोबर त्याला येऊन मिळणारे वाड्यावस्त्यांचे रस्तेही त्याच आराखड्यात, त्याच मुदतीत धरावेत.

निवडून आलेल्या सदस्यांकडे हा आग्रह धरणे हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे. भोर आणि वेल्ह्यातील साथींनी गावोगावच्या रस्त्यांची यादी करावी, येत्या ग्रामसभेत ठराव मांडावेत, आणि टाळाटाळ झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा वापर करावा. सायकलपटूंसाठी जी तत्परता दाखवता आली, तीच तत्परता झोळीतून येणाऱ्या रुग्णासाठीही शासनाला दाखवावी लागेल. ती दाखवायला भाग पाडणे लोकांच्या संघटित शक्तीच्या हाती आहे.