विश्लेषण : प्रेक्षक पदवीधर झाले, छोटा भीम अजूनही नऊ वर्षांचाच का?

अहमदपूर : पोगो वाहिनीवर ६ एप्रिल २००८ रोजी ‘छोटा भीम’ ही मालिका सुरू झाली. त्या वर्षी जूनमध्ये पहिलीत बसलेली मुले २०१८ मध्ये दहावी झाली, २०२० मध्ये बारावी झाली आणि आता त्यांतली अनेक जण नोकरीला लागली आहेत किंवा नोकरीच्या शोधात आहेत. भीम मात्र आजही नऊ वर्षांचाच आहे. टुनटुन मौसीचे लाडू, कालियाची खोडी, राजा इंद्रवर्माच्या दरबारातले संकट आणि शेवटी भीमाचा विजय, यात काही बदललेले नाही. प्रेक्षक वाढतो, नायक वाढत नाही. यामागे कारणे आहेत, त्यातली काही पटण्यासारखीही आहेत. पण या व्यवस्थेत बारा ते अठरा या वयाच्या मुलांना कोणीच वाली उरलेला नाही आणि मराठी मुलांना तर अजिबातच नाही.

ढोलकपूर अहमदपूरला कसे पोहोचले?

राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशन या कंपनीने ही मालिका हैदराबादेत घडवली. मराठवाड्याला हैदराबाद तसे परके नाही. १९४८ पर्यंत दोन्ही एकाच संस्थानात होते आणि लातूर-नांदेड रस्त्यावरच्या अहमदपूरला आजही मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. पण मालिका घराघरांत गेली ती केबलमुळे. टॉम आणि जेरी, पोकेमॉन, डोरेमॉन हे पाहुणे आधीच आले होते. धोतर नेसणारा, लाडू खाणारा, गावच्या पारावर खेळणारा नायक मात्र मुलांना पहिल्यांदाच मिळाला.

आणखी एक गोष्ट जुळून आली. त्या काळात मराठवाड्यात भारनियमन जोरात होते. ऐन संध्याकाळी वीज गेली की अर्धा भाग बुडायचा. पण ‘छोटा भीम’चा प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने काही अडायचे नाही. कालचा भाग चुकला तरी आजचा समजायचा. या रचनेने मालिकेला खेड्यापाड्यांत रुजवले आणि याच रचनेने भीमाचे वयही गोठवले.

त्या वेळी मराठीतून पाहण्यासारखे कार्टून फारसे नव्हतेच. त्यामुळे या पिढीची हिंदी शाळेत कमी आणि पोगो, हंगामावर जास्त घडली. घरी मराठी आणि खेळताना ‘ढोलकपूरची हिंदी’ ही सवय त्या वयाच्या अनेकांना आठवत असेल.

‘जस्टिस फॉर चुटकी’ने काय दाखवले?

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, भीमाने चुटकीऐवजी राजकुमारी इंदुमतीशी लग्न केल्याची चर्चा समाजमाध्यमांवर पसरली. ‘चुटकीला न्याय द्या’ असा हॅशटॅग देशभर फिरला. विनोद झाले, मीम झाले, काहींनी खरोखरच चिडून लिहिले. शेवटी ग्रीन गोल्डला खुलासा करावा लागला. असे कोणतेही लग्न झालेले नाही, ही सगळी पात्रे अजून लहान मुले आहेत, असे कंपनीने स्पष्ट केले.

कंपनीचे म्हणणे बरोबर होते. पण चर्चा करणारे कोण होते, हे पाहायला हवे. पाच-सहा वर्षांची मुले हॅशटॅग चालवत नाहीत. ते होते २००८ चे प्रेक्षक, अठरा-वीस वर्षांचे झालेले. आपल्या वयाबरोबर भीम-चुटकीही मोठे झाले असतील, असे त्यांनी मनोमन धरले होते. थट्टेच्या आडून त्यांनी एक मागणी नोंदवली होती : आमच्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगा.

या मागणीला दोन उत्तरे दिली गेली आणि दोन्ही मागे जाणारी होती. त्याआधीच, एप्रिल २०१९ मध्ये, नेटफ्लिक्सवर ‘मायटी लिटिल भीम’ आली होती. तिच्यात भीम नऊ वर्षांचाही नाही, रांगणारे, संवाद नसलेले बाळ आहे. मे २०२४ मध्ये खऱ्या कलाकारांना घेऊन चित्रपट आला, तोही २०१२ च्या ‘कर्स ऑफ दम्यान’ याच जुन्या गोष्टीवर. बारा वर्षांपूर्वी ती गोष्ट पाहिलेल्यांना त्यात नवे काही नव्हते. अनुपम खेर असूनही चित्रपट फारसा चालला नाही.

नायक मोठा का होत नाही?

पहिले कारण मोजणीचे. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी ‘बार्क’ ही संस्था मुलांच्या वाहिन्यांसाठी २ ते १४ हा वयोगट धरते. मूल पंधरा वर्षांचे झाले की कार्टून वाहिनीच्या हिशेबातून गळते. त्याच्यासाठी खर्च करून वाहिनीला काहीच मिळत नाही. उलट दरवर्षी खालून नवी मुले येतात आणि त्यांना जुनाच भाग नवा असतो.

दुसरे कारण दुकानाचे. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, कंपास, वाढदिवसाचा केक, या सगळ्यावर भीम असतो. या वस्तू पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठीच घेतल्या जातात. आठवीतला मुलगा भीमाचे दप्तर घेऊन शाळेत जाणार नाही. पंधरा वर्षांचा भीम दप्तरावर विकला जाईल का, याची खात्री कोणालाही नाही.

तिसरे कारण कामाच्या पद्धतीचे. टू-डी अॅनिमेशनमध्ये पात्राचे हात, पाय, चेहरा, ओठांच्या हालचाली एकदा तयार करून संगणकात साठवतात आणि शेकडो भागांत पुन्हा वापरतात. ढोलकपूरचे रस्ते आणि राजवाडाही तसेच. नायकाचे वय वाढवायचे तर ही साठवण पुन्हा उभारावी लागते आणि प्रत्येक भागाचा खर्च वाढतो.

चौथे कारण आवाजाचे. आपल्याकडे लहान मुलांच्या पात्रांना बहुधा मोठी माणसेच आवाज देतात. सोनल कौशल यांनी अनेक वर्षे भीम आणि डोरेमॉन या दोघांनाही हिंदी आवाज दिला. हे कौशल्य मोठेच. पण बाईमाणसाचा आवाज वयात येताना फुटत नाही. त्यामुळे पात्राला मोठे करण्याची निकडही कधी निर्माण होत नाही.

इतर देशांत काय झाले?

अमेरिकेतल्या ‘अॅडव्हेंचर टाइम’मध्ये ही निकड निर्माण झाली. २०१० मध्ये ती सुरू झाली, तेव्हा तिचा नायक फिन बारा वर्षांचा होता आणि त्याला आवाज देणारा जेरेमी शाडाही कुमारवयातच होता. शाडाचा आवाज फुटला, तसा फिनचाही फुटू दिला गेला. २०१८ मध्ये मालिका संपली, तेव्हा फिन सतरा वर्षांचा होता. सुरुवातीचे राक्षस मारण्याचे खेळ मागे पडून प्रेमभंग, दूर गेलेला बाप, मित्रांमधले अंतर असे विषय तिच्यात आले होते.

भारतातल्या मुलांना जवळचे उदाहरण ‘बेन टेन’चे. २००५ मध्ये बेन दहा वर्षांचा होता. २००८ च्या ‘एलियन फोर्स’मध्ये तो थेट पंधराचा झाला, आजोबा बेपत्ता झाले आणि जबाबदारी त्याच्यावर आली. २०१० मध्ये तो सोळाचा झाला. म्हणजे त्याच्या निर्मात्यांनी हे धाडस केले. पण २०१६ मध्ये त्याच कंपनीने बेनला पुन्हा दहा वर्षांचा करून नव्याने सुरुवात केली. दुकानाचा हिशेब कंपनीला अखेर मागे घेऊन गेला.

जपानने वेगळी वाट काढली. डोरेमॉनमधला नोबिता मालिकेत प्राथमिक शाळेतच राहतो, पण ‘स्टँड बाय मी’ या चित्रपटांत तो मोठा झालेला, शिझुकाशी लग्न करताना दिसतो. पोकेमॉनमधला अॅश दहा वर्षांचाच राहिला, पण मोठमोठ्या स्पर्धांत तो वर्षानुवर्षे हरत राहिला. २०२२ मध्ये तो जगज्जेता झाला आणि २०२३ मध्ये त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. म्हणजे वय न वाढवताही पात्र वाढवता येते. त्याला हरू द्यावे लागते.

लातूरच्या वसतिगृहात भीम का पुरत नाही?

अहमदपूर, उदगीर, चाकूर, लोह्याच्या असंख्य घरांत मूल नववी-दहावीत गेले की केबल बंद होते. ‘लातूर पॅटर्न’च्या आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी ते घर सोडते. चार मुलांच्या खोलीत राहते, खाणावळीत जेवते, दर आठवड्याच्या चाचणीत आपला क्रमांक पाहते. २०२४ मध्ये ‘नीट’साठी सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. याचा अर्थ बहुतेक मुले हरणारच होती. हे गणित आधीच ठरलेले होते.

या मुलांच्या हाती बालपणाची जी गोष्ट आहे, तिचा नायक एकदाही कायमचा हरत नाही. एक लाडू खाल्ला की प्रश्न मिटतो. सहा वर्षांच्या मुलासाठी हा दिलासा योग्यच आहे. सतरा वर्षांच्या मुलाला मात्र वेगळी गोष्ट लागते. दुसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्याची, मित्राला प्रवेश मिळाल्यावर पोटात कालवाकालव होणाऱ्याची, घरी फोनवर खोटे बोलणाऱ्याची. गोष्टीने गुण वाढत नाहीत. पण आपल्यासारखा दुसराही कोणी आहे, हे गोष्टीतून कळते.

पहिलीपासून भीम पाहणारी ही मुले चौदा वर्षांची झाली, ते वर्ष २०१६. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि स्वस्त इंटरनेट हाती पडले. टीव्हीच्या हिशेबातून गळालेली मुले मोबाइलवरून थेट जपानी अॅनिमेकडे गेली. त्या गोष्टींत नायक हरतो, रडतो, मरतोही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ भारतात प्रदर्शित झाला आणि त्याने चांगली कमाई केली. तो हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठी त्या यादीत नव्हती.

कार्टून म्हणजे फक्त लहानग्यांचे, हा समज इथे मुळाशी आहे. जपानमध्ये शिनचॅनची चित्रकथा मोठ्यांच्या साप्ताहिकात सुरू झाली. इथे ती लहान मुलांच्या वाहिनीवर दाखवली गेली, मग २००८ मध्ये सरकारने बंद केली आणि नंतर ती काटछाट करून परत आली. मोठ्या मुलांसाठी वेगळी जागा असू शकते, हा विचार तेव्हाही झाला नाही.

मराठीने हे आधी केले आहे का?

अॅनिमेशनमध्ये नाही, पण गोष्टीत केले आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो साकारला तोही शाळकरीच. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात मात्र अमेय वाघ यांचा बनेश फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्यासाठी पुण्याला येतो आणि एका परीक्षार्थीच्या मृत्यूचा छडा लावताना परीक्षेतल्या गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. निर्मात्यांपैकी एक होते लातूरचे रितेश देशमुख. चित्रपटाने नायकाला त्याच्या जुन्या वाचकांबरोबर मोठे केले आणि आजच्या मुलांच्या सर्वांत मोठ्या भीतीसमोर उभे केले. ‘ट्टॉक’ तोच राहिला, सायकलही राहिली. कोणाचेही बालपण त्यामुळे बिघडले नाही.

मग भीमाला मोठे करायचे का?

त्याची गरज नाही. आज पहिलीत असलेल्या मुलालाही नऊ वर्षांचा भीम मिळायला हवा. त्याच्या वाट्याचे ढोलकपूर हिरावून घेणे अन्यायाचे ठरेल. पालकांचीही बाजू आहे. घरात एकटे बसून पाहिले तरी धास्ती वाटणार नाही असे जे थोडे उरले आहे, त्यात हे कार्टून आहे.

मुद्दा एवढाच की, ढोलकपूरच्या पुढे रस्ता असावा. नऊ वर्षांच्या भीमाची मालिका चालू ठेवूनही सोळा वर्षांच्या भीमाची दहा भागांची छोटी मालिका काढता येते. टीव्हीच्या मोजणीचे बंधन इंटरनेटवरच्या मंचांना नाही. तिथे भाग क्रमाने पाहता येतात, वीज गेली तरी गोष्ट थांबून राहते. २०२१ च्या ‘द लेजंड ऑफ हनुमान’ने मोठ्या मुलांसाठीही भारतीय अॅनिमेशन चालते, हे दाखवून दिले आहे. पण तोही पुराणातला नायक. वसतिगृहातल्या मुलाची गोष्ट अजून कोणी काढलेली नाही.

पुढे काय?

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये अॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि संबंधित क्षेत्रांसाठीचे धोरण मंजूर केले. त्याचा आराखडा २०५० पर्यंतचा आणि ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. गुंतवणूक आणि रोजगार हे त्याचे मुख्य लक्ष्य. ते योग्यच आहे. पण परदेशी मालिकांची कामे करून रोजगार मिळेल, मराठी मुलांना त्यातून गोष्ट मिळणार नाही. या निधीतला छोटासा वाटा जरी कुमारवयीन मुलांसाठीच्या मराठी मालिकांना राखून ठेवला, लेखकांना आणि चित्रकारांना दोन-तीन वर्षांचे काम दिले, तरी सुरुवात होईल.

भीम पाहून वाढलेले, संगणक शिकलेले, चित्रे काढणारे तरुण आज लातूर-नांदेडमध्येही आहेत. चुटकीचे पुढे काय झाले, हे विचारणारे तेच होते. त्यांच्या हाती साधने दिली, तर कंपनीच्या उत्तराची वाट पाहायची गरज उरणार नाही. ते स्वतःच पुढची गोष्ट सांगतील.