पंप बदलायच्या आधी जाळी बघा

आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधाराव्यात आणि विचारांच्या चुका वाचकांनी. विषय मात्र असा आहे की त्यावर आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं होतात : टीममध्ये कॅप्टन बदलला की एखाद्या प्लेअरची फँटसीतली किंमत बदलते का?

माझं उत्तर : काहींची बदलते, काहींची अजिबात बदलत नाही. आणि आपण नेमकं उलट ओळखतो.

सुरुवात माझ्या रूम पार्टनरपासून करतो (त्याची परवानगी घेतली आहे, नाव न छापण्याच्या अटीवर). २०२४ साली आम्ही फर्स्ट इयरला होतो. १५ डिसेंबर २०२३ला मुंबई इंडियन्सने रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पांड्याला कॅप्टन केलं होतं. अंबरनाथपासून सीएसटीपर्यंत लोकलच्या प्रत्येक डब्यात तोच विषय! २७ मार्चला हैदराबादविरुद्ध मॅच होती. आमच्या पठ्ठ्याने एका अॅपवर बुमराहला कॅप्टन, म्हणजे दुप्पट पॉइंट्स, करून पैसे लावले. हैदराबादने २७७ धावा कुटल्या. बुमराहला पहिली ओव्हर मिळाली चौथी आणि दुसरी थेट तेरावी. तोपर्यंत लग्न लागून वऱ्हाड जेवायला बसलं होतं. चार ओव्हर, ३६ धावा, विकेट शून्य. पार्टनरने मेसच्या बिलाचे पैसे लावले होते. ते गेले. मग ते परत मिळवण्यासाठी आणखी लावले, तेही गेले. पुढचा महिनाभर तो माझ्या डब्यातल्या चपात्या खात होता आणि घरी फोनवर "मेस मस्त आहे" म्हणून सांगत होता. ते "मस्त" ऐकताना मला आतून कसंतरी व्हायचं.

त्याची चूक काय झाली? बुमराह वाईट बॉलर होता का? छे! त्याच सीझनमध्ये त्याने १३ मॅचमध्ये २० विकेट घेतल्या. तीनच दिवस आधी गुजरातविरुद्ध १४ धावांत ३ घेतल्या होत्या. पण त्या मॅचमध्येही पहिली ओव्हर हार्दिकने स्वतः टाकली होती. म्हणजे इशारा मिळालेला होता. पार्टनरने प्लेअर बघितला, प्लेअरच्या हातात बॉल कोण आणि कधी देणार ते बघितलं नाही.

ही गोष्ट मला नीट कळली ती क्रिकेटमधून नाही, आपल्या एमआयडीसीतून. सेकंड इयरनंतर आनंदनगरच्या बाजूला एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. एके दिवशी पंपाचं प्रेशर पडलं. आम्ही ट्रेनी मंडळींनी लगेच निदान केलं, इम्पेलर झिजला असणार, पंप बदला. तिथले जुने फिटर काका शांतपणे म्हणाले, "पंप बदलायच्या आधी सक्शनची जाळी बघा रे." जाळी काढली तर कचऱ्याने भरलेली. साफ केली, पंप पहिल्यासारखा चालू! पंप किती पाणी फेकतो हे त्याच्या सक्शनला किती पाणी येतं यावर आहे. शेतकऱ्याच्या पोरांना हे फूटव्हॉल्व्हमुळे लहानपणीच कळतं, मला वीस वर्षं लागली.

आता हाच हिशोब पीयूष चावलाला लावून बघू. रोहितच्या हाताखाली २०२३ मध्ये त्याने १६ मॅचमध्ये २२ विकेट घेतल्या. हार्दिकच्या हाताखाली २०२४ मध्ये १३. आपण लगेच म्हणतो, "संपला चावला." थांबा! २०२४ मध्ये तो ११ मॅच खेळला. २०२३चा दर मॅचमागे १.३८ पडतो आणि त्या दराने ११ मॅचमध्ये १५ विकेट व्हायला हव्या होत्या. म्हणजे ९ विकेट कमी झाल्या त्यातल्या ७ निव्वळ मॅच कमी मिळाल्यामुळे आणि फक्त २ कामगिरी घसरल्यामुळे. त्यातही दोन मॅच अशा कमी झाल्या की मुंबई प्लेऑफलाच पोचली नाही, १४ पैकी ४ जिंकून सगळ्यात खाली राहिली. पंप थोडा झिजला असेल, पण मुख्य अडचण सक्शनला होती.

आणि रोहित? त्याची तर कॅप्टनशिपच गेली. सगळ्यांना वाटलं आता हा मनाने खेळणार नाही. पण २०२३ मध्ये ३३२ धावा आणि २०२४ मध्ये ४१७! कारण साधं आहे. ओपनरला बॉल कोणी "द्यावे" लागत नाहीत. पहिला बॉल त्याच्याकडेच येतो, कॅप्टन कोणीही असो.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. तो तिकडचं फँटसी फुटबॉल खेळतो (आपलं फुटबॉल नाही, हेल्मेटवालं). त्यात क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा आणि टाइट एंड म्हणजे अर्धा वेळ धक्काबुक्की करणारा आणि अर्धा वेळ बॉल झेलणारा. त्यांच्याकडेही हीच भांडणं चालतात : क्वार्टरबॅक बदलला, आता टाइट एंड ठेवायचा की सोडायचा? त्याने कॅन्सस सिटीच्या ट्रॅव्हिस केल्सीचं उदाहरण सांगितलं. २०१७ मध्ये अॅलेक्स स्मिथ फेकायचा तेव्हा १५ मॅचमध्ये ८३ झेल. २०१८ मध्ये पॅट्रिक माहोम्स आला तेव्हा १६ मॅचमध्ये १०३. केल्सी तोच, फेकणारा बदलला. पण म्हणून चांगला क्वार्टरबॅक आला की टाइट एंडचं भलं होतंच असं नाही. नव्याला लांब फेकायची हौस असेल तर टाइट एंड बिचारा धक्केच खात राहील.

आपल्याकडचा टाइट एंड म्हणजे मला विकेटकीपर वाटतो. टीममध्ये किमान एक घ्यावाच लागतो, चांगले मोजकेच असतात आणि त्यांची बॅटिंग कधी येईल ते दुसऱ्याच्या हातात. आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा बघा. पंजाबकडून २०२४ मध्ये १४ मॅचमध्ये १८७ धावा. बंगळुरूने त्याला ११ कोटी दिले तेव्हा हॉस्टेलमध्ये किती हसले होते सगळे! नवी टीम. २७ मे २०२५ला लखनौविरुद्ध २२८ करायच्या होत्या. जितेश आला तेव्हा आठेक ओव्हर बाकी होत्या. ३३ बॉलमध्ये नाबाद ८५, मॅच खिशात. तोच माणूस दोन ओव्हर बाकी असताना आला असता तर १५ करून परतला असता आणि आपण पुन्हा हसलो असतो.

म्हणून कॅप्टन किंवा टीम बदलली की मी तीन प्रश्न विचारतो. एक, या प्लेअरचं काम दुसऱ्याच्या निर्णयावर किती अवलंबून आहे? ओपनरचं सगळ्यात कमी, स्पिनरचं आणि खालच्या नंबरच्या कीपरचं सगळ्यात जास्त. दोन, नव्या माणसाने पहिल्या तीन-चार मॅचमध्ये त्याला नेमकं कधी वापरलं? मुलाखतीत काय बोलला ते सोडा. तीन, घसरण बदलामुळेच आहे का? सूर्यकुमारने २०२४ मध्ये ३४५ केल्या आणि २०२५ मध्ये ७१७, कॅप्टन दोन्ही वेळा हार्दिकच होता! पहिल्या वर्षी तो दुखापतीमुळे सुरुवातीच्या तीन मॅच मुकला होता, त्याचं खापर हार्दिकवर फोडून कसं चालेल?

कोणी म्हणेल, एवढा अभ्यास केला असतास तर पैसे कमावले असतेस. नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हनला कौशल्याचा खेळ मानलं होतं आणि कौशल्य आहेच, ते मी वर दाखवलं. पण माझे तिन्ही प्रश्न विचारूनही एका मॅचचा निकाल सांगता येत नाही. सीझनभराचा अंदाज बांधता येतो, एका रात्रीचा नाही आणि मेसचं बिल तर एका रात्रीत जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा बरेच जण हळहळले. पार्टनर मात्र त्या दिवशी काही बोलला नाही, फक्त चहा पाजला.

आता आमची लीग एका दोनशे पानी वहीत चालते. हरणाऱ्याने रविवारी अख्ख्या मजल्याच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मजा तितकीच, भांडणं जास्त!

शेवटी एक. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक जण होता, ज्याला आम्ही "वजन" म्हणायचो. ग्रुप लीडर बदलला आणि नव्या लीडरने त्याला कोडिंगऐवजी वर्कशॉपचं काम दिलं. आमच्या मॉडेलमधले सगळ्यात सुबक वेल्ड त्याचे आहेत. जुना लीडर कोण होता, ते विचारू नका. तो हा लेख लिहितोय.

— एक विद्यार्थी, टी. ई. मेकॅनिकल