बोट आपले, पट्टी कुणाची?

सकाळी उठल्यावर बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहणे हा पुण्यातील असंख्य घरांचा नित्यक्रम झाला आहे. यंत्रावर उमटणारा आकडा सारेच उत्सुकतेने पाहतात. ज्या इवल्याशा पट्टीमुळे तो उमटतो, ती मात्र पुढच्याच क्षणी केराच्या टोपलीत जाते. खरे विज्ञान त्या पट्टीत आहे आणि स्वावलंबनाचा एक प्रश्नही.

बहुतेक पट्ट्यांवर कार्बनच्या शाईने विद्युदग्रे, म्हणजेच इलेक्ट्रोड, छापलेली असतात. हा कार्बन पेन्सिलीतील ग्राफाइटचाच सगासोयरा. स्वस्त, वीज वाहून नेणारा आणि सहज छापता येणारा. नुसता कार्बन मात्र साखर ओळखत नाही. त्यावर ग्लुकोज हेरणारे विकर आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारे मध्यस्थ रसायन चढवावे लागते. रक्ताचा थेंब पडताच ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन कार्बनपर्यंत पोहोचतात, सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यावरून यंत्र साखरेचे प्रमाण सांगते. लेलँड क्लार्क यांनी 1962 मध्ये विकरयुक्त विद्युदग्राची कल्पना मांडली. 1987 च्या सुमारास मध्यस्थ रसायन वापरणारे घरगुती यंत्र पाश्चात्त्य बाजारात आले. पंचवीस वर्षांत कल्पनेची वस्तू झाली.

भारताला या वस्तूची गरज किती, हे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने दाखवून दिले. देशात सुमारे 10.1 कोटी मधुमेही आणि आणखी 13.6 कोटी लोक त्या उंबरठ्यावर आहेत. भारतीय बालक जन्मतः वजनाने कमी असूनही शरीरात चरबी राखून असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला पटवून दिले. दुखणे कुठे आहे हे पुण्याने सांगितले; त्याचे मोजमाप करणारे साधनही पुण्याने का देऊ नये?

या व्यवसायाचे मर्म यंत्रात नाही, पट्टीत आहे. यंत्र एकदाच विकत घ्यायचे, पट्टी जन्मभर. इन्शुलिनवर जगणाऱ्या बालकाची साखर दिवसातून चार वेळा पाहिली, तर महिन्याला 120 पट्ट्या लागतात. एक पट्टी वीस रुपयांची धरली, तरी खर्च 2,400 रुपयांवर जातो. रिक्षाचालकाच्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या माऊलीच्या घरात मग तपासणीलाच कात्री लागते.

पुण्यात विद्येची वाण नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका विद्युत-रासायनिक पद्धतीने उलगडून ग्राफीनच्या फिती बनवल्या. ते संशोधन 2011 मध्ये अमेरिकेच्या नामांकित नियतकालिकात झळकले. त्याच आवारात 2007 पासून नवउद्योजकांसाठी व्हेंचर सेंटर उभे आहे. मार्च 2020 मध्ये पुण्याच्या मायलॅबने कोरोना चाचणीचा देशी संच विक्रमी वेळात सिद्ध केला. निकड, मान्यता आणि ग्राहक एकत्र आले की पुणे काय करू शकते, हे तेव्हा दिसले.

मग अडते कुठे? एक उत्तम विद्युदग्र बनवणे ही विद्वत्ता. एकसारख्या लाखो पट्ट्या बनवणे हा उद्योग. पहिली आणि लाखावी पट्टी सारखेच उत्तर देणारी हवी, आणि विकर कोकणातील दमटपणात व विदर्भाच्या उन्हाळ्यातही टिकायला हवे. शोधनिबंधावर बढती मिळते; या चिकाटीच्या कामावर क्वचितच. 2014 मध्ये देशी बनावटीची स्वस्त ग्लुकोमीटर यंत्रे वाजतगाजत जाहीर झाली. पण घोषणेने बाजारपेठ उभी राहत नाही. शासकीय आणि महापालिका रुग्णालयांनी निश्चित खरेदीची हमी दिली, तरच उद्योजक यंत्रसामग्रीत पैसा घालील. अर्थात, स्वदेशीचा शिक्का ही अचूकतेतील सवलत नव्हे. चुकीच्या आकड्यावर इन्शुलिनची मात्रा ठरली, तर जिवाशी खेळ होतो. आंतरराष्ट्रीय कसोटीवर उतरलेली पट्टीच रुग्णाच्या हाती पडली पाहिजे.

अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेव्हा समाजाकडे पैसा होता, पण विद्या बाहेरून शिकून आणावी लागली. आज विद्या पाषाणला आहे आणि ग्राहक घराघरात. उणीव आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या निर्धाराची.