कारागिराची कंबर आणि संशोधनाचा प्रश्न

मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहणारा हमाल, जमिनीवर बसून जाळे दुरुस्त करणारा खलाशी, मशीनवर मान वाकवून बसलेला शिलाई कारागीर आणि दिवसभर गल्ल्यामागे उभा राहणारा दुकानदार या चौघांचे धंदे वेगळे, पण तक्रार एकच आहे. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मान. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "वय झाले, चालायचेच." आणि हे उत्तर देणारा अनेकदा चाळिशीचाही नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना हाडे, सांधे आणि स्नायूंचे विकार आहेत. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांमध्ये कंबरदुखी सर्वांत पुढे आहे. तरीही या दुखण्याला संशोधनात मागची रांग मिळते, कारण त्याने माणूस सहसा मरत नाही. परंतु कारागिराचे शरीर हेच त्याचे भांडवल असते. नगावर मजुरी घेणाऱ्याला ना पगारी रजा, ना फंड. त्याचा हात थांबला की चूल थांबते, आणि त्याच्यावर विसंबलेल्या व्यापाऱ्याची ऑर्डरही अडते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावरचाच आहे.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडलेला आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. सुमारे १८ टक्के प्रौढांनी सांधे-स्नायूंचे दुखणे सांगितले. ज्या आमवाताची वैद्यकीय ग्रंथांत मोठी चर्चा असते तो मात्र जेमतेम अर्धा टक्का लोकांत आढळला. याचा अर्थ आमवात किरकोळ आहे असा नव्हे. अर्थ एवढाच की दवाखान्यात बसून दिसणारे चित्र आणि दारोदार फिरून दिसणारे चित्र एक नसते. भिगवणच्या शेतकऱ्याचे उत्तर मिरकरवाड्याच्या हमालाला तंतोतंत लागू पडेल असेही नाही.

तेव्हा मूळ प्रश्न असा की संशोधनाचा विषय कोणी ठरवावा? ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाची संस्था रुग्ण, त्यांची सेवा करणारे घरचे लोक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवते आणि ज्यांची उत्तरे अद्याप मिळालेली नाहीत असे दहा प्रश्न सर्वानुमते निवडते. गुडघा व खुब्याच्या सांधेबदलाबाबतही हे झाले आहे. यात औषध कंपनीला मत नसते.

आपल्याकडे असे झाले तर कोणते प्रश्न पुढे येतील? पायमशीनला मोटार बसवली तर टेलरचा गुडघा वाचतो की मान अधिक जाते? आंब्याची पेटी किती वजनाची असावी? काजू सोलणाऱ्या महिलांनी दर तासाला किती मिनिटे उठावे? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खुर्चीवर बसता येईल हे डॉक्टर सांगतात. पण सजद्यात जाता येईल का, जमिनीवर बसून जाळे विणता येईल का? मशिदींत वाढत चाललेल्या खुर्च्या पाहिल्या की हा प्रश्न किती घरांचा आहे ते कळते.

हे प्रश्न लहान वाटतील, पण त्यांची उत्तरे स्वस्त आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'नूतन' झेला तयार केला, त्यामुळे आंबा देठासह आणि न आपटता उतरतो. फळाला डाग पडू नये याची काळजी शास्त्राने घेतली. त्याच फळाची पेटी उचलणाऱ्या पाठीचीही घ्यावी, एवढेच मागणे आहे.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आजच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची पाहणी करावी, अशी तरतूद आहे. ती कुटुंबे बंदरावरची, शिलाईवाल्यांची, पेटी भरणाऱ्यांची का असू नयेत? मात्र त्यासाठी आपण प्रश्न घेऊन गेले पाहिजे. व्यापारी संघटनांनी आणि जमातीच्या मंडळींनी एक वही ठेवावी. कोण कोणते काम किती तास करतो, काय दुखते, किती दिवस काम बुडाले, हे त्यात लिहावे. महिलांची नोंद महिलांनीच घ्यावी, म्हणजे ती खरी होईल. वर्षभराने ती वही महाविद्यालयासमोर ठेवावी.

दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री लिहितो. ज्या हातांवर ते दुकान चालते, त्यांचाही हिशेब एकदा लिहून पाहू या.