साठ टक्के योग्यच आहेत

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर जेवणाच्या रांगेत घराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "कर आपण इथं भरायचा, आणि घर घ्यायला गेलं की वर साठ टक्के मोजायचे. हा शुद्ध अन्याय आहे." या बोलण्यामागची तळमळ मला कळते. तरीही परकीयांच्या घरखरेदीवरचं सिंगापूर सरकारचं हे शुल्क योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी हिशेब पाहू. एम्प्लॉयमेंट पासवरच्या, म्हणजे नोकरीच्या परवान्यावरच्या, भारतीय नागरिकानं १५ लाख सिंगापूर डॉलरचा खासगी कॉन्डो घेतला, तर सगळ्याच खरेदीदारांना लागणारं मुद्रांक शुल्क होतं ४४,६०० डॉलर. शिवाय परकीय म्हणून अतिरिक्त शुल्क, म्हणजे आपण सगळे ज्याला एबीएसडी म्हणतो ते, ९ लाख डॉलर. ही रक्कम १४ दिवसांत भरायची असते आणि ती गृहकर्जात बसत नाही. तोच फ्लॅट पीआर, म्हणजे कायम रहिवासी असलेल्या, माणसानं पहिलं घर म्हणून घेतला तर अतिरिक्त शुल्क ७५ हजार, नागरिकाला शून्य. नवरा पीआर, बायको अजून व्हिजिट पासवर आणि घर दोघांच्या नावानं, तर पुन्हा पूर्ण साठ टक्के. डिसेंबर २०११ मध्ये हे शुल्क आलं तेव्हा परकीयांसाठी ते १० टक्के होतं. पुढं ते १५, २०, ३० असं चढत गेलं आणि २७ एप्रिल २०२३ पासून एकदम दुप्पट झालं.

आकडा डोळे पांढरे करणारा आहे, हे मान्यच. पण हा देश केवढा? सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा. मुंबईत परवडेनासं झालं की माणूस विरारला जातो, बदलापूरला जातो. सिंगापूरच्या तरुणानं कुठं जायचं? पुलापलीकडे मलेशियातलं जोहोर आहे, पण तो दुसरा देश.

मी भाड्यानं राहतो त्या एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या, ब्लॉकमध्ये शेजारच्या अंकलच्या मुलानं आणि त्याच्या होणाऱ्या बायकोनं लग्नाआधीच नव्या फ्लॅटसाठी अर्ज केला. पहिल्या सोडतीत नंबर लागला नाही. पुढं लागला, तर इमारत उभी राहायला काही वर्षं. लग्न झालं, मूल झालं, तरी संसार आईवडिलांच्या घरातल्या एका खोलीत. पाळणा टीव्हीसमोर, बाळाचे कपडे बाहेरच्या बांबूवर. अंकलनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण एकटा माणूस असेल तर पस्तिशीपर्यंत एचडीबीचं घर स्वतःच्या नावावर घेता येत नाही, हेही त्यांनीच मला सांगितलं. इथल्या नागरिकांनी घरासाठी इतके नियम पाळायचे, इतकं थांबायचं, आणि बाहेरचा पैसा मात्र सरळ आत यावा, हे त्यांनी का सोसावं?

"आम्ही एचडीबी कुठं मागतोय? आम्हाला कॉन्डो हवाय," असं यावर सांगितलं जातं. हे उत्तर पुरेसं नाही. एचडीबीत पाच वर्षं राहून, ते घर विकून कॉन्डोत जायचं, हेच तर इथल्या मध्यमवर्गाचं स्वप्न असतं. कॉन्डोचे भाव बाहेरच्या पैशानं फुगले की ती पायरीच उंच होते, आणि ज्यांना ती चढता येत नाही ते एचडीबीच्या पुनर्विक्रीच्या बाजारात अडकून राहतात.

आता आपल्या घरात डोकावू. भारतीय वंशाचा नसलेला आणि भारतात न राहणारा सिंगापूरकर पुण्यात वन बीएचकेसुद्धा विकत घेऊ शकत नाही. साठ टक्के सोडा, सहाशे टक्के भरायची तयारी असली तरी नाही. ओसीआय कार्ड असलेल्या आपल्या मंडळींना भारतात फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात तर जन्मभर तिथंच राहिलेल्या माणसालाही, तो शेतकरी नसेल, तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेती खरेदी करता येत नाही. गोव्यानं २०२३ मध्ये असाच कायदा केला. कोकणातल्या सड्यांवरचे सातबारे बाहेरच्यांच्या नावावर चढताना आपण हळहळतो, ग्रामसभेनं ठराव करावा म्हणतो. मग तीच काळजी दुसऱ्या देशानं घेतली की तिला अन्याय कसं म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मला खरोखर खटकते. अमेरिकेचा नागरिक, किंवा स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन या देशांचा नागरिक वा कायम रहिवासी, इथं पहिलं घर घेताना सिंगापूरच्या नागरिकासारखाच धरला जातो. व्यापार कराराची ही देणगी. भारताचाही सिंगापूरशी २००५ चा करार आहे, पण त्यातून ही सवलत मिळालेली नाही. म्हणजे गेल्या महिन्यात आलेला अमेरिकी पासपोर्टवाला मराठी भाऊ शून्य भरणार, आणि इथं मुलं वाढवलेली, पीआरचे अर्ज नाकारले गेलेली बहीण साठ टक्के भरणार. शुल्क जमिनीच्या टंचाईसाठी असेल तर ते पासपोर्टचा रंग बघून माफ होऊ नये. इथं किती वर्षं राहून कर भरला, हे मोजावं. मागणी करायची तर ही करू. ती रास्त आहे.

पळवाटा मात्र बंद करू या. आधी एकानं घर घ्यायचं आणि मागाहून एक टक्का दुसऱ्याच्या नावे करायचा, म्हणजे अतिरिक्त शुल्क तेवढ्यावरच बसतं, ही युक्ती आपल्याकडे खासगीत सुचवली जाते. कर खातं अशी प्रकरणं उकरून काढतं आणि बुडवलेल्या शुल्कावर ५० टक्के अधिभार लावतं. मुलाच्या नावानं ट्रस्ट करून घ्यावं, तर तिथं आधीच ६५ टक्के भरावे लागतात.

दिवाळीच्या कार्यक्रमात मालमत्ता विकणाऱ्यांचे स्टॉल असतात आणि त्यांच्या पैशातून हॉलचं भाडं निघतं, हे मी जाणतो. तरीही कार्यकारिणीनं येत्या बैठकीत एवढं ठरवावं : स्टॉल देताना पळवाटांचे सल्ले देणार नाही असं लेखी घ्यावं, आणि त्याच दिवशी तासभर एखाद्या वकिलाला बोलवावं. भाड्यानं राहणाऱ्यांचे करार आणि पीआर मिळाल्यावरचे नियम त्यांनी समजावून सांगावेत. एचडीबीचं घर घ्यायचं तर पुण्यातल्या फ्लॅटचीही अडचण होते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐन वेळी कळतं.