उतरता हात आणि चाहते

१५ नोव्हेंबर २०१५ रोजी डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने अमेरिकी फुटबॉलमधील कारकिर्दीतल्या सर्वाधिक पासिंग यार्डांचा विक्रम मोडला. त्याच सामन्यात त्याचे २० पैकी ५च पास साधले, ४ प्रतिस्पर्ध्यांनी पळवले आणि त्याला बाकावर बसवण्यात आले. वय ३९. चाहते चिडले. २०१३च्या हंगामात ५५ टचडाउन पास देणारा हात त्यांनी पाहिला होता. (फेब्रुवारी २०१६मध्ये संघ सुपर बोल जिंकला खरा, पण बचावफळीच्या बळावर.) या चिडण्याला कृतघ्नता म्हणणे आम्हांस मान्य नाही, ज्याला जुने बारकाईने आठवते, त्यालाच नवे खुपते. मराठी परीक्षणे मात्र ज्येष्ठ लेखकाचे फसलेले पुस्तक आले की ‘प्रदीर्घ साहित्यसेवे’चा गौरव करून मोकळी होतात. त्या पुस्तकातले एखादे पान उघडून दाखवण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.